बांगडीची निशाणी

पाठपरिचय : इतिहास फक्त राजांचा आणि लढायांचा नसतो. शेतात राबणाऱ्या साध्या माणसांनाही इतिहास असतो. तो जुन्या पावत्यांत, करारांत आणि सरकारी नोंदींत दडलेला असतो. ब्रिटिश राजवटीत शेती करणाऱ्या आपल्या पणजोबांचा शोध एका मुलाने कसा घेतला आणि त्या शोधात त्याला आणखी कोण सापडले, ते या पाठात सांगितले आहे.

ही गोष्ट १९८४ सालची आहे. तेव्हा मी नववीत होतो. आमचे गाव पुणे जिल्ह्यात, सुपे या बाजारपेठेच्या जवळ आहे. हा भाग कोरडवाहू. पाऊस झाला तर बाजरी, ज्वारी आणि मटकी पिकते. पाऊस झाला नाही, तर शेतात फक्त धोंडे दिसतात.

एके दिवशी इतिहासाच्या सरांनी आम्हांला वेगळाच गृहपाठ दिला. ते म्हणाले, "तुमच्या घरात जो सर्वांत जुना कागद असेल, तो शोधा. तो कोणी लिहिला, कधी लिहिला आणि का लिहिला, ते वहीत लिहून आणा."

मी घरी येऊन दादाजानना विचारले. त्यांचे वय त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांचे होते. ते हसून म्हणाले, "अरे, आपल्याकडे एक पेटीच आहे. तुझ्या पणजोबांची."

ही पेटी मला माहीत होती. ती पत्र्याची होती आणि माळ्यावर ठेवलेली असे. पणजोबांची गोष्टही आम्हां सर्व मुलांना पाठ होती. आमचे बाभळीचे रान एकदा सावकाराकडे गहाण पडले होते. पणजोबांनी रात्रंदिवस कष्ट केले, पै पै साठवली आणि जमीन सोडवून आणली. ईदच्या दिवशी घरात पाहुणे जमले की दादाजान ही गोष्ट अभिमानाने सांगत. मला वाटले, गृहपाठ सोपा आहे. पेटी उघडायची, कागद पाहायचा आणि हीच गोष्ट वहीत उतरवायची.

अब्बांनी पेटी खाली काढली. आत लाल फडक्यात बांधलेले एक बाड होते. मी गाठ सोडली आणि माझा चेहरा उतरला. एक निकाहनामा उर्दूत होता. काही छापील पावत्या होत्या. बाकीचे कागद मात्र मला वाचताच येईनात. अक्षरे गोल गोल, एकमेकांना चिकटलेली. शब्द कोठे संपतो आणि कोठे सुरू होतो, तेही समजेना.

दादाजान म्हणाले, "ही मोडी आहे. गावात ती आता एकच माणूस वाचतो. चल, गुरुजींकडे जाऊ."

गुरुजी आमच्या गावातील निवृत्त शिक्षक. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि मला समजावून सांगितले, "आपण पुस्तकात वाचतो ती बाळबोध लिपी. मोडी ही भराभर लिहिण्याची लिपी. भाषा मराठीच, पण हात फारसा न उचलता लिहायचे. पूर्वी सरकारी दफ्तर आणि सावकारी व्यवहार मोडीत चालत. म्हणून घाबरू नकोस. मी वाचतो, तू लिहून घे."

ते वाचू लागले आणि मला आश्चर्याचा धक्का बसला. मराठी दस्तऐवजातील कितीतरी शब्द माझ्या ओळखीचे होते! मजकूर, तारीख, कब्जा, हक्क, वारस, वसूल, बाकी, नक्कल. मी म्हणालो, "गुरुजी, हे तर आमच्या उर्दूतले शब्द आहेत!"

गुरुजी हसले. "तुमचेही आणि आमचेही. अरबी-फारसीतून ते शेकडो वर्षांपूर्वी मराठीत आले आणि इथेच राहिले. जमिनीच्या कागदात ते पावलोपावली भेटतील. चल, आधी कागद तारखेप्रमाणे लाव."

तारखा लावणे सोपे नव्हते. काही कागदांवर शक होते, काहींवर इसवी सन होते आणि निकाहनाम्यावर हिजरी सन होते. गुरुजींनी सांगितले, "शकात अठ्ठ्याहत्तर मिळव, म्हणजे साधारणपणे इसवी सन मिळते. शके १८३५ म्हणजे १९१३." हिजरी १३२७ म्हणजे इसवी सन १९०९, हे दादाजाननी सांगितले.

पहिला कागद निकाहनामा. तो मी स्वतः वाचला. त्यात पणजोबांचे आणि पणजीचे नाव होते. मेहर म्हणून चांदीची दोन कडी आणि काही रुपये लिहिले होते.

दुसरा कागद शके १८३५ चा गहाणखत होता. बैलजोडी आणि बियाणे घेण्यासाठी पणजोबांनी दीडशे रुपये कर्ज घेतले होते. कर्ज फिटेपर्यंत बाभळीच्या रानाचा कब्जा सावकाराकडे राहील, पीक तो घेईल आणि सरकारी सारा तोच भरेल, अशी अट होती. कागदाच्या शेवटी एक लहानसे चित्र होते. आडवी दांडी, तिला तिरपा फाळ.

"हे काय?" मी विचारले.

"हा नांगर," गुरुजी म्हणाले. "ज्याला लिहिता येत नसे, तो सहीऐवजी निशाणी करी. शेतकऱ्याची निशाणी नांगराची. ही तुझ्या पणजोबांची सही."

मी त्या चित्रावरून हळूच बोट फिरवले. एकाहत्तर वर्षांपूर्वी पणजोबांचा हात या जागी टेकला होता.

मग गुरुजींनी मला त्या काळाविषयी सांगितले. इंग्रज सरकारने १८३६ च्या सुमारास आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी मोजणी आणि आकारणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर मिळाला आणि त्यावर तीस वर्षांसाठी सारा ठरला. सारा रोख भरावा लागे. पीक बुडाले तरी शेतकऱ्याला सावकाराकडे जावे लागे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, म्हणून आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास साऱ्याची नवी आकारणी झाली आणि तो वाढला. कर्जाचा डोंगर झाला.

"आणि मग सुप्याचा दंगा झाला ना?" अब्बांनी विचारले.

"हो. १२ मे १८७५. बाजाराचा दिवस होता. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना पैशांपेक्षा कागद हवे होते. कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या त्यांनी जाळल्या. वाचता न येणाऱ्या माणसाला कागदाची फार भीती वाटते. त्यात काय लिहिले आहे, हे त्याला कळत नाही, पण त्या कागदाने त्याचे शेत जाते. पुढे १८७९ मध्ये सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यामुळे न्यायाधीशाला जुन्या कर्जाचा हिशेब तपासता येऊ लागला आणि फेडीसाठी हप्ते बांधून देता येऊ लागले. पण कर्ज काही संपले नाही."

आता पावत्यांची पाळी आली. या सरकारी साऱ्याच्या पावत्या होत्या. रक्कम रुपये, आणे आणि पै यांत लिहिली होती. काही पावत्यांवर आमचे आडनाव 'शेख' होते, तर काहींवर 'सेक'. लिहिणाऱ्याने जसे ऐकले, तसे लिहिले. मी पावत्या ओळीने मांडल्या आणि चमकलो. १९१३ पर्यंत दर वर्षाची पावती होती. मग एकदम १९२७ ची पावती.

"मधल्या तेरा वर्षांच्या पावत्या हरवल्या का?" मी विचारले.

गुरुजी म्हणाले, "तूच विचार कर. गहाणखतातील अट काय होती?"

मी अट आठवली. सारा सावकाराने भरायचा होता! म्हणजे त्या तेरा वर्षांत जमीन आमच्या हातात नव्हती. म्हणून आमच्याकडे पावत्याही नव्हत्या. जे कागद पेटीत नव्हते, त्यांनीही मला काहीतरी सांगितले होते.

"म्हणजे पणजोबांनी १९२७ मध्ये जमीन सोडवली," मी वहीत लिहू लागलो.

तोच दादाजान म्हणाले, "थांब. १९२७? माझे वडील तर मी सात वर्षांचा असताना गेले. मानमोडीच्या साथीत."

खोलीत शांतता पसरली. १९१८ साली इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ आली होती. आपल्याकडे लोक तिला मानमोडी म्हणत. त्याच वर्षी पाऊसही पडला नव्हता. घरात दाणा नाही आणि अंगात ताप, अशी गावोगावच्या माणसांची दशा झाली. दादाजानचा जन्म १९११ चा. सात वर्षे म्हणजे १९१८. मग नऊ वर्षांनी जमीन कोणी सोडवली?

पुढच्या आठवड्यात अब्बा तालुक्याच्या कचेरीत गेले. तेथे जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. त्या वहीला लोक कोतवाल बुक म्हणतात. अब्बांनी नोंदीची नक्कल आणली. ऑक्टोबर १९१८, पणजोबांचे नाव आणि मृत्यूचे कारण एकाच शब्दात : ताप. साथीचे नाव कागदाला माहीत नव्हते, ते दादाजानना माहीत होते. महिना दादाजानना माहीत नव्हता, तो कागदाने सांगितला.

अब्बांनी जमिनीच्या फेरफाराचीही नक्कल आणली होती. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने जमिनीवरील हक्कांची नोंदवही सुरू झाली. मालक मेला किंवा जमीन विकली गेली, की त्या वहीत फेरफार नोंदवतात. आमच्या फेरफारात १९१९ साली दादाजानचे नाव लागले होते. त्यापुढे तीन अक्षरे होती : अ.पा.क. आणि त्यापुढे शब्द होता 'आई'.

"अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता," गुरुजींनी सांगितले. "इथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे. वयाने लहान, नाबालिग. मुलगा लहान आहे, म्हणून त्याच्या वतीने व्यवहार करणारी व्यक्ती त्याची आई."

मग गुरुजींनी बाडातील उरलेला मोडी कागद उलगडला. तो १९१९ सालचा हप्त्यांचा करारनामा होता. मूळ कर्ज दीडशे आणि दुष्काळात घेतलेले पन्नास, असे एकूण दोनशे रुपये देणे होते. दर वर्षी पंचवीस रुपये, असे आठ हप्ते ठरले होते. पहिला हप्ता करार करतानाच रोख दिला होता. गुरुजींनी कागदाच्या तळाशी बोट ठेवले.

तेथे नांगर नव्हता. तेथे एक लहानसे वर्तुळ होते.

"ही बांगडी," गुरुजी म्हणाले. "बाईची निशाणी."

कागदाच्या पाठीवर प्रत्येक हप्त्याची नोंद होती. एका वर्षी हप्ता चुकला होता. पुढच्या वर्षीपासून तो पुन्हा सुरू झाला. त्यामुळे शेवटचा हप्ता १९२७ मध्ये पडला. त्याला जोडून सावकाराने दिलेली फारखती होती. गुरुजींनी मला विचारले, "फारिग म्हणजे काय?"

"मोकळा," मी म्हणालो.

"आणि खत म्हणजे पत्र. फारखती म्हणजे मोकळे केल्याचे पत्र. सर्व रक्कम पोहोचली, आता काही देणे नाही, शेताचा कब्जा परत दिला. रक्कम कोणाकडून पोहोचली, ते ऐक." आणि त्यांनी माझ्या पणजीचे नाव वाचले.

दादाजान बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "ती मला नीरेच्या कालव्याकाठी घेऊन जात असे. तिकडे बागायत होती. ऊस तोडायची, गुऱ्हाळावर राबायची. मी चिपाडांच्या ढिगावर झोपत असे. महिन्यांनी आम्ही गावी परत येत असू. पैसे कोठे जातात, हे मी कधी विचारले नाही. तिच्या हातात मी कधी बांगडी पाहिली नाही."

"आणि पणजोबांनी जमीन सोडवली, ही गोष्ट तुम्हांला कोणी सांगितली?" मी विचारले.

"तिनेच," दादाजान म्हणाले. "ती म्हणायची, तुझ्या अब्बांनी हे रान सोडवले, त्याला जप."

माझ्या डोक्यात एक विचार चमकला. मी म्हणालो, "गुरुजी, निकाहनाम्यात चांदीची दोन कडी आहेत. पहिला हप्ता पणजीने कडी विकूनच दिला असणार! मी असे लिहू का?"

गुरुजींनी मान हलवली. "कागदात काय आहे? १९०९ मध्ये कडी मिळाली. १९१९ मध्ये पंचवीस रुपये दिले. दादाजानना आठवते की हातात काही नव्हते. एवढेच. कडी विकली, हे कोठेही लिहिलेले नाही. तुझा अंदाज खरा असू शकेल. पण अंदाजाला अंदाजच म्हणावे. नाही तर आपणही एक नवी गोष्ट तयार करू आणि तुझी नातवंडे तीच खरी मानतील."

"मग पणजोबांची गोष्ट खोटी होती का?" मला वाईट वाटत होते.

"खोटी नाही, अपुरी होती. बैल आणि बियाणे यांसाठी कर्ज काढणारा, सहा जणांचे घर चालवणारा शेतकरी काही कमी नव्हता. फक्त त्याच्यापुढची नऊ वर्षे कोणी सांगितली नव्हती. ती आज तू सांग."

मी घरी येऊन वहीत तीन रकाने आखले. पहिल्या रकान्यात कागद काय सांगतात, दुसऱ्यात घरातील माणसे काय सांगतात आणि तिसऱ्यात माझा अंदाज काय आहे, ते लिहिले. तिसरा रकाना सर्वांत लहान ठेवला.

त्या वर्षी ईदला पाहुणे जमले. दादाजाननी नेहमीप्रमाणे बाभळीच्या रानाची गोष्ट सुरू केली. कर्ज आले, दुष्काळ आला, मानमोडी आली. मग ते थांबले. त्यांनी आपल्या आईचे नाव घेतले आणि पुढची गोष्ट तिच्या नावाने सांगितली. आमच्या फूफी डोळे पुसत ऐकत होत्या. त्यांनी आपल्या दादीचे नाव इतक्या माणसांत प्रथमच ऐकले होते.

आज मी स्वतः शिक्षक आहे. आता सातबारा संगणकावर पाहता येतो. जुने कागद मात्र अजूनही माळ्यावर, पेट्यांत आणि कपाटांत पडून आहेत. त्यांना वाळवी लागते, पाऊस लागतो, कधी रद्दीवालाही घेऊन जातो. एके काळी आमच्या भागातील शेतकऱ्यांनी भीतीने आणि संतापाने कागद जाळले होते. आज आपल्याला वाचता येते. आता कागदाला भिण्याचे कारण नाही, जपण्याचे मात्र आहे. आणि कागदाइतक्याच जपायला हव्यात घरातील वृद्ध माणसांच्या आठवणी. त्यांना वेळेवर विचारले नाही, तर त्यांची नक्कल कोणत्याही कचेरीत मिळत नाही.

शब्दार्थ

कोरडवाहू – केवळ पावसाच्या पाण्यावर होणारी (शेती)
बाड – कागदांचा गठ्ठा
गहाणखत – कर्जासाठी मालमत्ता तारण ठेवल्याचा लेख
सारा – जमिनीवरील सरकारी कर
आकारणी – कर किती घ्यावा ते ठरवणे
निशाणी – खूण
फेरफार – जमिनीच्या हक्कातील बदलाची नोंद
फारखती – देणे फिटल्याचे पत्र
गुऱ्हाळ – उसाच्या रसापासून गूळ तयार करण्याची जागा
चिपाड – रस काढल्यावर उरलेला उसाचा चोथा
नक्कल – मूळ कागदावरून केलेली प्रत

वाक्प्रचार

चेहरा उतरणे – निराश होणे
पै पै साठवणे – अतिशय काटकसरीने पैसे जमवणे
पावलोपावली भेटणे – वारंवार आढळणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सरांनी मुलांना कोणता गृहपाठ दिला?
(आ) पणजोबांनी कर्ज कशासाठी घेतले?
(इ) १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांनी काय जाळले?
(ई) अ.पा.क. या अक्षरांचा अर्थ काय?

२. कारणे लिहा.
(अ) पेटीत १९१३ नंतरच्या तेरा वर्षांच्या पावत्या नव्हत्या, कारण...
(आ) शेवटचा हप्ता १९२७ मध्ये पडला, कारण...
(इ) गुरुजींनी अंदाजाला अंदाजच म्हणायला सांगितले, कारण...

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दादाजानची आठवण आणि कोतवाल बुकातील नोंद यांनी एकमेकांना कशी मदत केली?
(आ) 'गोष्ट खोटी नाही, अपुरी होती' असे गुरुजी का म्हणाले?
(इ) पणजीने मुलाला जमिनीची गोष्ट वडिलांच्या नावाने का सांगितली असेल? तुमचे मत लिहा.

४. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे दहा शब्द शोधा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात वापरा.

५. पुढील वाक्ये कंसातील सूचनेप्रमाणे बदला.
(अ) दादाजान ही गोष्ट अभिमानाने सांगत. (भविष्यकाळ करा.)
(आ) कागदाला भिण्याचे कारण नाही. (प्रश्नार्थक करा.)

उपक्रम : घरातील एक जुना कागद वडीलधाऱ्यांच्या परवानगीने पाहा. त्यावरील तारीख, नावे आणि कारण लिहून घ्या. त्याविषयी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला पाच प्रश्न विचारा आणि वहीत तीन रकाने करून माहिती लिहा.